आगीनं मिळवलेली मुदत

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, ते गुरुजी शाळेत इतिहास शिकवत. कुणालाही शूर किंवा भ्याड ठरवण्याआधी त्या घटकेला त्याच्या हातात काय होतं आणि त्याला काय ठाऊक होतं ते पाहा, असं ते सांगत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकलं आहे. आजचा विषय या कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे.

युद्धात विमान शत्रूच्या मुलखात पडलं आणि वैमानिक जिवंत राहिला, तर त्यानं पहिलं काम काय करायचं? आपण म्हणू, पळायचं, लपायचं, जखम बांधायची. पण पहिल्या महायुद्धापासून वैमानिकांना शिकवलेलं उत्तर निराळं आहे. आधी विमान जाळ, मग जिवाचं बघ. हा हुकूम कुठून आला, तो पाळला की काय साधतं, पाळला नाही तर काय बिघडतं, आणि त्या हुकमाचा भार नेमका कुणाच्या खांद्यावर असायला हवा, एवढंच आज मला मांडायचं आहे.

हुकूम मुळात जुना आहे. तोफा टाकून माघार घ्यायची वेळ आली तर तोफेच्या कानात खिळा ठोकून निघायचं, हे जुन्या फौजांतल्या गोलंदाजाला ठाऊक असे. पण तोफ हे काही गुपित नव्हतं. दोन्हीकडच्या तोफा साधारण एकाच घडणीच्या असत. खिळा ठोकायचा तो एवढ्यासाठी, की आपलीच तोफ आपल्यावर डागली जाऊ नये. विमानाच्या बाबतीत शस्त्र गेल्याचं दुःख दुय्यम ठरतं. पडलेल्या विमानातून शत्रूला आपण काय शोधून काढलंय ते कळतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण कुठे कच्चे आहोत तेही कळतं.

सुरुवात एका ओळखीच्या नावानं करू. फ्रेंच ओपन टेनिस पॅरिसमधल्या ज्या संकुलात खेळतात त्याचं नाव रोलाँ गॅरोस. हा गॅरोस गाजला तो वैमानिक म्हणून. सप्टेंबर १९१३ मध्ये तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघाला आणि कुठेही न थांबता भूमध्य समुद्र ओलांडून ट्युनिशियात बिझर्टला उतरला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. त्या वेळी सगळ्या वैमानिकांपुढे एकच अडचण होती. नेम धरायचा तर मशीनगन वैमानिकाच्या डोळ्यांसमोर, विमानाच्या नाकाच्या दिशेनं हवी. पण नाकावर पंखा गरगरतो आहे. गोळी झाडली की आपलाच पंखा तुटायचा. गॅरोसनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर एक रांगडा उपाय काढला. पंख्याच्या पात्यांवर जिथे गोळ्या लागतील तिथे पोलादी पाचरी बसवल्या. बहुतेक गोळ्या पात्यांमधून निघून जात, पात्यावर आदळणाऱ्या थोड्या पाचरीवरून बाजूला उडत. एप्रिल १९१५ मध्ये दोन-तीन आठवड्यांत त्यानं तीन जर्मन विमानं पाडली. समोरून येणाऱ्या विमानाच्या पंख्यातून गोळ्या येतात, हे जर्मन वैमानिकांच्या आकलनापलीकडचं होतं.

१८ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या भागात, त्याचं इंजिन बंद पडलं. तो सुखरूप उतरला आणि हुकमाप्रमाणे विमानाला आग लावली. लाकूड आणि कापडाचंच ते विमान, पण दमट होतं, पुरतं जळलं नाही. पंखा, पाचरी, मशीनगन जर्मनांच्या हाती लागलं आणि ते सगळं अँथनी फोकर या तरुण डच विमान बांधणाऱ्याकडे गेलं. त्या उन्हाळ्यात फोकरची एकपंखी विमानं आघाडीवर आली. त्यांत पाचरी नव्हत्या. इंजिनाच्या फिरण्याला मशीनगन जोडलेली होती. पातं समोर असेल तेव्हा गोळी सुटतच नसे. पुढचे कित्येक महिने ब्रिटिश आणि फ्रेंच वैमानिक या विमानांपुढे हतबल होते.

ही गोष्ट नेहमी अशी सांगितली जाते की फोकरनं तो पंखा पाहिला आणि दोन दिवसांत नवी यंत्रणा उभी केली. ऐकायला झकास आहे. पण जर्मनीत अशा यंत्रणेचं पेटंट १९१३ मध्येच घेतलेलं होतं आणि फोकरची माणसं या कल्पनेवर आधीपासून खटपट करत होती. गॅरोसच्या अर्धवट जळलेल्या विमानानं त्यांना कल्पना दिली नाही, निकड दिली. विमान पुरतं जळलं असतं तर फोकरची यंत्रणा आली नसती असं नाही. बहुधा उशिरा आली असती. आणि युद्धात उशीर ही फार मोलाची गोष्ट आहे.

आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा हाच आहे. वैमानिक विमान जाळतो तेव्हा तो गुपित कायमचं वाचवत नाही. यंत्रातलं गुपित कायमचं वाचतच नाही, कारण आपल्याला सुचलं ते आज ना उद्या शत्रूलाही सुचतं. वैमानिक काडी लावून मिळवतो ती मुदत. काही आठवडे, काही महिने, फार तर वर्ष. हुकमाची किंमत ठरवायची ती या मुदतीच्या मापानं.

याच गोष्टीची दुसरी बाजू वर्षभरात घडली. ८ एप्रिल १९१६ रोजी एक नवखा जर्मन वैमानिक कोरं फोकर विमान घेऊन निघाला, धुक्यात वाट चुकला आणि सेंट ओमेरजवळ ब्रिटिशांच्याच तळावर उतरला. आपण कुठे आहोत हे ध्यानात येऊन काडी ओढेपर्यंत तो कैद झाला होता. ब्रिटिशांनी ते विमान उडवून पाहिलं आणि त्यांना कळलं की ज्याला आपण इतके महिने घाबरलो ते विमान म्हणून सामान्यच आहे. भीतीला आकार मिळाला की ती आटोक्यात येते. अखंड सापडलेल्या विमानाचा हाही एक उपयोग, आणि तो नकाशांत, आराखड्यांत कुठे दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात मामला बदलला. आता विमानाच्या सांगाड्यापेक्षा त्यातल्या पेट्या मोलाच्या झाल्या. आपलं विमान कोणतं आणि परकं कोणतं हे जमिनीवरच्या रडारला सांगणारं एक यंत्र दोस्तांच्या विमानांत असे. त्याच्या आत स्फोटक बसवलेलं असे. विमान जोरात आदळलं तर ते आपोआप फुटायचं. वैमानिकाला स्वतः फोडायचं असेल तर दोन बटणं एकाच वेळी दाबावी लागत. बटणं दोन कशासाठी, तर घाईगर्दीत एखादं चुकून दाबलं जाऊ नये म्हणून.

पण काही वस्तू फुटतच नाहीत, आणि त्यांची कथा जास्त रंजक आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी १९४० च्या फेब्रुवारीत मॅग्नेट्रॉन नावाची वस्तू चालवून दाखवली. दिसायला तांब्याचा भरीव ठोकळा, त्याला मधोमध एक भोक आणि भोवती सारख्या मापाची आणखी भोकं. त्यातून सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी पूर्वी कल्पनाही नव्हती एवढ्या ताकदीनं निघत. एवढ्या आखूड लहरींचं रडार विमानात मावतं आणि रात्रीच्या अंधारात, ढगांवरूनही, खालचं शहर, नदी, किनारा पडद्यावर उमटवतं. या रडारचं नाव एच-टू-एस. ते बनवणाऱ्या गटाचे प्रमुख होते बर्नार्ड लव्हेल, ज्यांनी पुढे जॉड्रेल बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली.

आता पेच असा, की हे रडार वापरायचं तर ते शत्रूच्या शहरांवरच न्यावं लागणार, आणि नेलेल्या विमानांपैकी काही पडणारच. तांब्याचा ठोकळा आपटून फुटत नाही, आगीत सहजी वितळत नाही. विमानाच्या सांगाड्यात तो ठेवून स्फोटाचे प्रयोग केले, तेव्हा सांगाड्याला भलंमोठं भगदाड पडलं आणि ठोकळा काय आहे ते ओळखू येण्याजोगा राहिला. तुकडे झाले तरी भोकांचं माप घेता येतं, आणि जाणकाराला ते माप मिळालं की लहरींची लांबी समजलीच. म्हणून चर्चिलचे सल्लागार लॉर्ड चेरवेल यांचा कल क्लायस्ट्रॉनकडे होता. तो ताकदीनं कमी, पण सहज फोडता येणारा. शास्त्रज्ञांचं म्हणणं, जे फोडता येतं ते चालत नाही आणि जे चालतं ते फोडता येत नाही. बराच काथ्याकूट होऊन मॅग्नेट्रॉन न्यायचा निर्णय झाला.

३० जानेवारी १९४३ च्या रात्री एच-टू-एस पहिल्यांदा हॅम्बुर्गवर वापरलं. २ फेब्रुवारीच्या रात्री, म्हणजे आठवडाही उलटला नव्हता, कलोनवर निघालेलं स्टर्लिंग जातीचं एक विमान रॉटरडॅमजवळ पडलं आणि जर्मनांना मॅग्नेट्रॉन सापडला. त्यांनी त्या यंत्राचं नावच 'रॉटरडॅम यंत्र' ठेवलं आणि त्याच महिन्यात बर्लिनमध्ये तज्ज्ञांची समिती बसवली.

सगळ्यांना वाटत होतं तसंच झालं, तर मग निर्णय चुकला का? हिशेब मांडून पाहू. मॅग्नेट्रॉन हाती आल्यावर जर्मनांना त्याचा अर्थ लावून, त्या लहरी ऐकणारं यंत्र बनवून, ते रात्रीच्या लढाऊ विमानांत बसवायला जवळपास वर्ष लागलं. तेवढा काळ एच-टू-एस आपलं काम करत राहिलं. म्हणजे गुपित आठवड्याच्या आत गेलं, मुदत मात्र बराच काळ टिकली. ज्यांनी मॅग्नेट्रॉन न्यायचं ठरवलं त्यांनी हाच हिशेब आधी केला होता, तोही जमिनीवर, नकाशे पसरून, शांत डोक्यानं. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

जर्मनांच्या बाजूनंही याच काळात हीच धडपड चालली होती. २७ सप्टेंबर १९४० रोजी युंकर्स ८८ जातीचं एक नवं बॉम्बर विमान इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या ग्रेव्हनी इथल्या दलदलीत उतरलं. चौघेही जर्मन जिवंत होते. लंडन आयरिश रायफल्सचे जवान त्यांना पकडायला गेले तेव्हा त्यांनी विमानातल्या मशीनगनमधून गोळीबार केला. थोड्या वेळानं ते शरण आले. इंग्रज अधिकाऱ्यांपैकी कॅप्टन कँटोफर यांना जर्मन समजत होतं. विमान आता कोणत्याही क्षणी उडेल, असं कैदी आपसांत बोलत असल्याचं त्यांच्या कानावर पडलं. ते धावत परत गेले, विमानात लावलेलं स्फोटक शोधलं आणि निकामी केलं. एक अख्खं विमान हाती आलं ते केवळ एका माणसाला शत्रूची भाषा येत होती म्हणून.

त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ६ नोव्हेंबरला, डॉर्सेटच्या किनाऱ्यावर वेस्ट बे इथे एक हाइंकेल १११ विमान उथळ पाण्यात उतरलं. त्यात रात्री रेडिओ किरणांच्या आधारे अचूक बॉम्ब टाकण्याचं यंत्र होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स त्याच यंत्राच्या मागावर होते. विमान किनाऱ्याला लागलं म्हणून सैन्य म्हणे ते आमचं. समुद्रात आहे म्हणून आरमार म्हणे ते आमचं. या ओढाताणीत ते खोल पाण्यात गेलं आणि यंत्र वाळूनं आणि खाऱ्या पाण्यानं भरून निघालं. त्या यंत्रातली गाळणी २००० हर्ट्झच्या आवाजाला जुळवलेली होती, तर ब्रिटिशांचे अडथळा आणणारे प्रक्षेपक सुमारे १५०० वर चालत होते. हा फरक उमगेपर्यंत १४ नोव्हेंबरची रात्र उलटली होती आणि जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्री शहर भाजून निघालं होतं. वरातीमागून घोडं. इथे वैमानिकाला काही जाळावं लागलं नाही. शत्रूच्या दोन खात्यांच्या भांडणानं त्याला मुदत मिळवून दिली.

याउलट पुष्कळदा मुदत जाते ती नुसत्या चुकीनं. जून १९४२ मध्ये आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक झटापटीनंतर दिशा चुकला, ब्रिस्टलच्या खाडीला इंग्लिश खाडी समजला आणि वेल्समधल्या पेम्ब्रेच्या तळावर त्यानं आपलं फोकेवुल्फ १९० उतरवलं. त्या दिवसांत स्पिटफायरला भारी पडणारं हेच विमान, आणि ते पळवून आणण्यासाठी ब्रिटिश कमांडोंची मोहीम आखली जात होती. जुलै १९४४ मध्ये एक युंकर्स ८८ रात्री उलट दिशेला उडत जाऊन इंग्लंडमधल्या वूडब्रिजला उतरलं. ब्रिटिश बॉम्बरच्या शेपटीत पाठीमागच्या धोक्याची सूचना देणारं मोनिका नावाचं रडार असे. सापडलेल्या विमानात नेमकं त्या मोनिकाच्या लहरींचा माग काढत बॉम्बरपर्यंत पोचणारं यंत्र निघालं. रक्षणासाठी बसवलेली वस्तूच शत्रूला वाट दाखवत होती. ब्रिटिशांनी मोनिका काढून टाकली. त्या एका चुकलेल्या विमानानं किती ब्रिटिश तरुण वाचवले असतील, याची मोजदाद कुणी करू शकणार नाही.

आणि कधी कधी हुकूम अगदी शिस्तीत पाळला जातो. नोव्हेंबर १९४३ मध्ये रॉबिन हूपर हा ब्रिटिश वैमानिक पश्चिम फ्रान्समध्ये नियोरजवळच्या एका शेतात चांदण्या रात्री लायसँडर विमान घेऊन उतरला. गुप्तहेरांची ने-आण करणं हे त्याचं काम. चाकं चिखलात रुतली. गावकऱ्यांनी बैल आणले, जुंपले, ओढून पाहिलं, विमान हलेना. शेवटी हूपरनं ते पेटवून दिलं, महिनाभर फ्रेंच लोकांच्या घरांत लपून राहिला आणि मग तसल्याच रात्रीच्या विमानानं मायदेशी परतला. पुढे तो परराष्ट्र खात्यात गेला आणि ग्रीसमध्ये ब्रिटनचा राजदूत झाला. हे शक्य झालं ते त्याच्या हाती वेळ होता म्हणून, अंगात ताकद होती म्हणून आणि आजूबाजूला आपली माणसं होती म्हणून. या तिन्ही गोष्टी एकत्र लाभलेले वैमानिक थोडे.

आता अशा घटनेकडे येतो जिथे विमान जाळणं हातचं होतं, तरी जाळलं गेलं नाही.

४ जून १९४२. अलास्काच्या अल्यूशियन बेटांमधल्या डच हार्बरवर जपानी विमानांनी हल्ला चढवला. र्युजो या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या तीन झीरो विमानांपैकी एकाच्या तेलाच्या नळीला गोळी लागली. वैमानिक होता तादायोशी कोगा, वय १९. अशा प्रसंगी उतरण्यासाठी अकुतान नावाचं निर्जन बेट आधीच ठरलेलं होतं. वैमानिकाला उचलायला पाणबुडीही जवळपास असणार होती. वरून पाहताना हिरवळीचं सपाट मैदान दिसलं. कोगानं चाकं सोडून विमान टेकवलं. हिरवळीखाली दलदल होती. चाकं रुतली आणि विमान उलटं झालं.

वर दोन जोडीदार घिरट्या घालत होते. हुकूम स्पष्ट होता: शत्रूच्या मुलखात पडलेलं झीरो शाबूत ठेवायचं नाही. त्यांच्या मशीनगन भरलेल्या होत्या. पण कोगा जिवंत आहे की मेला, हे वरून कळत नव्हतं. विमान पेटवायचं म्हणजे आत अडकलेल्या मित्रासकट पेटवायचं. त्यांनी गोळी झाडली नाही. ते निघून गेले. कोगाची मान मोडली होती; तो बहुधा आदळताक्षणीच गेला होता.

महिन्याभरानं, १० जुलैला, अमेरिकन नौदलाच्या एका गस्ती विमानातून ते उलटं झीरो दिसलं. ते जहाजानं सॅन दिएगोला नेलं, दुरुस्त केलं, आणि सप्टेंबरपासून लेफ्टनंट कमांडर एडी सँडर्स यांनी ते उडवून पाहिलं. त्यांना दोन गोष्टी कळल्या. फार वेगात झीरो जड होतं आणि डावीकडच्या मानानं उजवीकडे वळायला कुरकुरतं. आणि नाक झटकन खाली दाबलं तर त्याचं इंजिन अडखळतं. मग पॅसिफिकमधल्या अमेरिकन वैमानिकांना साधा सल्ला मिळाला: झीरो पाठीला लागलं तर खाली सूर मारा, वेग वाढवा आणि उजवीकडे वळा.

या दोघा जोडीदारांचा न्याय कसा करायचा? त्यांनी दाखवलेल्या दयेमुळे जपान हरला असं म्हणणारे लेखक आहेत. अमेरिकेनं हेलकॅट हे विमान याच झीरोचा अभ्यास करून बनवलं, असंही वर्षानुवर्षं छापलं गेलं. तारखा पाहिल्या तर हे उभं राहत नाही. हेलकॅटनं पहिलं उड्डाण २६ जून १९४२ रोजी केलं, म्हणजे झीरो सापडण्याच्या दोन आठवडे आधी. झीरोशी झुंजायच्या युक्त्याही अमेरिकन वैमानिक रक्त सांडून शिकतच होते. अकुतानच्या विमानानं त्यांच्या अनुभवाला मोजमाप दिलं, शिकण्याचा काळ आखडला. तेही लहान नाही. पण दोन तरुणांनी मित्राच्या अंगावर गोळ्या झाडायला नकार दिला, आणि त्यापायी त्यांच्या देशानं जे गमावलं ती काही महिन्यांची मुदत होती. साम्राज्य त्या दलदलीत बुडालं नाही. कोगा मेला आहे हे त्यांना ठाऊक असतं तर गोष्ट वेगळी. ते ठाऊक नव्हतं. मी तरी त्यांना दोष देणार नाही.

आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या गोष्टीकडे येतो. पडलेल्या वैमानिकाला काडी लावायला सांगणं ही सगळ्यात शेवटची तजवीज. तिच्याआधी जमिनीवर पुष्कळ काही करता येतं.

अमेरिकेच्या नॉर्डन या बॉम्ब नेमायच्या यंत्राचं उदाहरण घ्या. त्या काळातल्या अतिगुप्त वस्तूंत त्याची गणना होत असे. ते हाताळणाऱ्यांना जिवाच्या मोलानं त्याचं रक्षण करण्याची शपथ घ्यावी लागे, आणि विमान पडलंच तर पिस्तुलाच्या गोळ्या झाडून किंवा जाळून ते नष्ट करायचं असे. पण नॉर्डनच्या कारखान्यातल्या हर्मन लँग या कर्मचाऱ्यानं त्याचे आराखडे महायुद्ध सुरू होण्याआधीच जर्मन हेरखात्याला पोचवले होते. तो १९४१ मध्ये पकडला गेला. आकाशातली पोरं ज्याच्यासाठी शपथा घेत होती ते गुपित कारखान्याच्या दारातून कधीच निघून गेलं होतं. बैल गेला नि झोपा केला, त्यातला हा प्रकार.

याच नॉर्डनच्या बाबतीत एक शहाणपणही दिसतं. एप्रिल १९४२ मध्ये जिमी डूलिटलच्या नेतृत्वाखाली १६ बी-२५ विमानं टोकियोवर हल्ला करायला निघाली. परतीची खात्री नव्हती. तेव्हा नॉर्डन काढून घेतलं आणि कॅप्टन रॉस ग्रीनिंग यांनी पत्र्याच्या दोन तुकड्यांचं एक साधं यंत्र बसवलं. किंमत २० सेंट. कमी उंचीवरून बॉम्ब टाकायला ते पुरलं. पंधरा विमानं चीनमध्ये कोसळली, सोळावं व्लादिवोस्तोकला उतरलं आणि सोव्हिएत लोकांनी अडकवून ठेवलं. जाळण्याजोगं गुपितच त्यांत नव्हतं. ब्रिटिशांनीही आपलं पहिलं जेट लढाऊ विमान मिटिऑर सुरुवातीला जर्मनांच्या मुलखावर न्यायला बंदी घातली होती. आपण काय हरवू शकतो याचा विचार उड्डाणाआधी केला की पडलेल्या माणसावरचा बोजा उतरतो.

यंत्र हाती लागलं म्हणजे विद्या हाती लागली असंही नाही. १९४४ मध्ये, आपल्या खरगपूर परिसरातल्या तळांवरून आणि चीनमधून लढणाऱ्या अमेरिकेच्या बी-२९ विमानांपैकी काही अडचणीत येऊन व्लादिवोस्तोकला उतरली. सोव्हिएत संघ मित्रराष्ट्र, म्हणून वैमानिकांनी विमानं जाळली नाहीत. स्टालिनच्या हुकमानं त्यांची हुबेहूब नक्कल सुरू झाली. अमेरिकन पत्रे इंचांत, सोव्हिएत कारखाने मिलिमीटरमध्ये. प्रत्येक जाडीचा हिशेब नव्यानं करावा लागला. समोर अख्खं विमान उभं असूनही ही नक्कल, म्हणजे टीयू-४, उडायला १९४७ साल उजाडलं. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात मिग-२१ तर कराराने, आराखड्यांसह आलं होतं, तरी ते आपल्या हातांनी बांधायला कामगारांच्या आणि अभियंत्यांच्या कष्टाची वर्षं लागली. विद्या माणसांच्या हातांत आणि सवयींत असते. ती कोसळलेल्या विमानातून खरवडून काढता येत नाही, फार तर तिचा सुगावा लागतो.

शेवटी न्यायाबद्दल. १ मे १९६० रोजी अमेरिकेचं यू-२ हेरगिरीचं विमान सोव्हिएत संघावर पडलं. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्सनं विमान का उडवलं नाही, म्हणून त्याच्या देशात त्याच्याकडे संशयानं पाहिलं गेलं. त्या विमानातलं स्फोटक किलोभराहून थोडं अधिक, कॅमेरा फोडण्यापुरतं. विमान नष्ट करण्याची त्याची ताकदच नव्हती. ते सुरू करायचं तर आसनावरून दोन कळा दाबायच्या, मग ७० सेकंद थांबायचं. तुटलेल्या विमानातून पॉवर्स अर्धा बाहेर फेकला गेला होता. हात कळांपर्यंत पोचेना. १९६२ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला, चौकशीत निर्दोष ठरला. पण त्याचा खरा सन्मान झाला तो २०१२ मध्ये, मरणोत्तर, सिल्व्हर स्टार देऊन. तो जाऊन तेव्हा ३५ वर्षं झाली होती.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. ३ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय हवाई दलाचं एक नॅट विमान पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर शाबूत उतरलं. ते आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. ते का उतरलं याबद्दल दोन्ही देशांत दोन कथा आहेत. पण नॅट हे मूळचं ब्रिटिश विमान. त्यात शत्रूपासून लपवावं असं फारसं नव्हतं. बोचतं ते गुपित गेल्याचं नाही, प्रदर्शनात मांडलेलं आपलं विमान पाहावं लागण्याचं. यू-२ चे तुकडेही मॉस्कोच्या गॉर्की पार्कमध्ये असेच मांडले होते. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकव्याप्त काश्मीरमध्ये उतरल्यावर जमाव अंगावर येत असताना त्यांनी काही कागद गिळले आणि काही पाण्यात भिजवले, असं पाकिस्तानी वृत्तपत्रांनीच छापलं. एकटा, जखमी, हाती मिनिटं मोजकी; त्या परिस्थितीत माणसाला जेवढं करता येतं तेवढं त्यांनी केलं.

श्रोतेहो, पडलेल्या वैमानिकाला विचारायचा आपला पहिला प्रश्न नेहमी असतो, तू नष्ट का केलं नाहीस? हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण तो पहिला असू नये. त्याआधी त्याला पाठवणाऱ्यांना तीन प्रश्न विचारले पाहिजेत. जी वस्तू हरवून चालणार नव्हती ती त्याच्यासोबत का पाठवली? पाठवायचीच होती, तर ती हरवल्यावर किती मुदत उरते याचा हिशेब केला होता का? आणि ती नष्ट करण्याचं साधन जखमी माणसाच्या हाताला येईल असं दिलं होतं का? १९४३ मध्ये मॅग्नेट्रॉन पाठवणाऱ्यांकडे यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तयार होती, आणि तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आहे हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं होतं. म्हणूनच ते यंत्र जर्मनांच्या हाती पडलं तेव्हा कुणा वैमानिकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागलं नाही. देशाची जबाबदारी अशी आधी आणि जमिनीवर पार पाडायची असते. ती ज्यांनी पार पाडली नाही त्यांनी पडलेल्या माणसाकडून आगीची अपेक्षा करू नये.